शिवलीला सिस्टरांचा शनिवार

शिवलीला सिस्टर माइकसमोर उभ्या राहिल्या की मला फार बरं वाटायचं, कारण त्यांना बोलता यायचं नाही. कुणीतरी हातात चालू इस्त्री दिल्यासारख्या त्या माइककडे बघायच्या. मग "नमस्कार. या सगळे. लस घ्या. हं," एवढं एका दमात म्हणून माइक माझ्याकडे परत द्यायच्या आणि पांढऱ्या कोटाला हात पुसायच्या. तो माइक मी ज्या थाटात घ्यायचो, तो थाट बघायला लोकांनी तिकीट काढलं असतं तरी चाललं असतं. पण तिकीट सोडा, लोक थांबायचेसुद्धा नाहीत. ते सिस्टरांच्या मागे जायचे. माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथून.

मी शाळेत मराठी शिकवतो. आवाज बरा आहे. सोलापुरात दरवर्षी भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत हरवलेल्या मुलांची नावं पुकारायला मंडळी मला बोलावतात, आणि मुलं सापडतात ती माझ्या आवाजामुळेच, असं माझं मत आहे. कोरोनाची दुसरी लाट ओसरता ओसरता लशीची मोहीम गल्लीबोळांत निघाली, आणि मास्तरांना निवडणुकीची ड्युटी लागते तशी मला लशीची लागली. आधार कार्ड बघायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारायचा, नाव नोंदवायचं आणि उरलेल्या वेळात रिक्षावर भोंगा बांधून लोकांना बोलवायचं. भाग मिळाला शहराचा पूर्व भाग; तिथल्या इतर वस्त्यांचे कॅम्प करत करत आम्ही विड्या वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत पोचलो. गल्लीच्या तोंडाशी समाजमंदिर, त्यात एक टेबल माझं आणि एक शिवलीला सिस्टरांचं.

सिस्टर अक्कलकोटकडच्या. अंगाने लहानखुऱ्या, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, आणि निवृत्तीला आलेल्या बाईला शोभू नये इतकी भराभर चाल. खांद्याला लशीचा निळा डबा, आत बर्फाच्या थंडगार पट्ट्या. तो डबा त्यांनी जमिनीवर ठेवलेला मी कधी पाहिला नाही. रिक्षात डब्याला अख्खी सीट, सिस्टर कडेला अर्ध्या. आमच्या सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात ही बाई छत्री उघडायची आणि डब्यावर धरायची. स्वतः उन्हात. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, थोडी डोक्यावर घ्या की."

"मी कुटं नासतीय ओ सर?" त्या म्हणाल्या.

आता हे वाक्य मला सुचायला हवं होतं की नको? मी वर्षाला तीन-चार कार्यक्रमांची सूत्रं सांभाळतो, वहीत वाक्यं टिपून ठेवतो. ह्या बाईची तसली वाक्यं रस्त्यात सांडत जायची आणि मागे वळून ती बघायचीसुद्धा नाही.

घरात कानडी, बाहेर मराठी, आणि तीस वर्षं या भागातल्या पोरांना डोस पाजता पाजता त्यांच्या आयांकडून उचललेली तेलुगू. पलीकडच्या मोहल्ल्यात गेल्या की "अम्मी, हात ढीला छोडो, मैं हूँ ना," असं दख्खनी चालू. मला एकच भाषा येते, आणि तीसुद्धा शुद्ध. माझं ऐकून गल्लीतल्या बायका इतक्या आदराने मान हलवायच्या की त्यांना एक अक्षर कळलेलं नाही हे लगेच समजायचं.

सुई टोचण्याची त्यांची एक रीत होती. माणूस खुर्चीत बसला, बाही वर केली, डोळे घट्ट मिटले की त्या म्हणायच्या, "घाबरायचं काम माझ्याकडं द्या. तुमी सांगा, आज जेवायला काय केलंय?" आता हा प्रश्न सोलापुरात कुणाला विचारला तर तो उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. "शेंगाची आमटी..." म्हणेपर्यंत "झालं बगा, उठा." बायका उठून दंडाकडे बघत राहायच्या. इथपर्यंत ठीक होतं. नर्सबाईंची युक्ती म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण महिन्याने तीच बाई रस्त्यात भेटली की सिस्टर म्हणायच्या, "काय ओ, त्या दिवशीच्या आमटीत गूळ जास्त झाला म्हणत होतात, परत केली का?" शेकडो माणसं, आणि प्रत्येकाची आमटी पाठ! मी वर्गातल्या पोरांची नावं जूनमध्ये पाठ करतो ती दिवाळीपर्यंत विसरतो. सांगा, दुखणार नाही पोटात?

तर ती गल्ली. तिथला पहिला कॅम्प बुधवारी सकाळी ठेवला होता. आदल्या दिवशी मी रिक्षातून सगळा भाग पिंजून काढला. काय बोललो म्हणता! विज्ञान, देश, आईचं काळीज, पुढची पिढी. एका वळणावर माझाच आवाज भरून आला. रिक्षावाला म्हणाला, "सर, पाणी प्या." बुधवारी तिघं आली. त्यातला एक तो रिक्षावाला.

लशीची एक बाटली दहा जणांची असते आणि एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. सिस्टरांनी हातातली बाटली बघितली, त्या तिघांकडे बघितलं. "तिघांसाठी फोडली तर सात जणांची मातीत जाईल," म्हणाल्या, आणि बाटली परत डब्यात ठेवून, तिघांना रिक्षात घालून शेजारच्या केंद्रावर टोचून घेऊन आल्या. बाटली त्या अशा हातात धरायच्या की आत दहा माणसं बसलेली त्यांना दिसत असावीत.

दुपारी आमचे मेडिकल ऑफिसर आले. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. तरुण माणूस, झोप नसलेले डोळे. म्हणाले, "लस कमी येतेय, बाकीचे भाग माझ्या डोक्यावर बसलेत. इथे आणखी एकच कॅम्प देतो, पुढच्या बुधवारी. पन्नास झाले तर गल्ली ठेवू. नाहीतर कॅम्प दुसरीकडे."

दुसरीकडे म्हणजे मोठ्या दवाखान्याची रांग, अर्ध्या दिवसाची. दिवसभर विडी वळणाऱ्या बायका त्या रांगेत उभ्या राहणार नाहीत, हे कुणी सांगायला नको होतं. म्हणजे या गल्लीची लस गेलीच. आणि दुसऱ्या लाटेत या गल्लीतून तीन माणसं गेली होती. त्यातला एक राजव्वाचा नवरा.

राजव्वा म्हणजे गल्लीत शब्दाला वजन असलेली बाई. ती उठली की गल्ली उठते. भोंग्याच्या दिवशी ती उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसली होती. माझं भाषण पूर्ण ऐकलेली ती एकटीच. संपल्यावर तिने विचारलं, "मास्तर, तुमी सुई घेतला का?"

"अर्थात!" मी म्हणालो. असा म्हणालो की समाजमंदिराच्या पत्र्यावरचं कबुतर उडालं.

आता तुमच्यापासून काय लपवू? मी घेतली नव्हती. सुई बघितली की माझे गुडघे वितळतात, लहानपणापासून. फ्रंटलाइन म्हणून माझं नाव पहिल्या यादीत आलं तेव्हा मला ताप होता, दुसऱ्यांदा बीपी, तिसऱ्यांदा चुलतभावाचं लग्न. यादी सिस्टरांकडेच असायची. मी "अर्थात!" म्हणालो तेव्हा त्या माझ्या शेजारीच होत्या, आणि निळ्या डब्याच्या झाकणाकडे फार लक्ष देऊन बघत होत्या.

साहेब गेल्यावर मी निदान केलं. "अज्ञान, सिस्टर! अफवा! भीती!"

"भीती हाय की," सिस्टर म्हणाल्या. "पण ज्या घरातनं माणूस गेलंय, त्या घराला भीती कसली असंल? चला, विचारून येऊ."

आम्ही राजव्वाच्या घरी गेलो. मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो. सिस्टर आत गेल्या, डबा पलंगावर ठेवला, जमिनीवर फतकल मारली आणि राजव्वाच्या समोरचं भिजवलेलं पान उचलून विडी वळायला लागल्या. लशीबद्दल चकार शब्द नाही. राजव्वाने त्यांची विडी उचलून उजेडात धरली. "सिस्टर, हे विडी हाय का दोडका?" पोरीबाळी हसून लोळायला लागल्या. सिस्टरही हसल्या. दुसरी वळली, तीही दोडका. तिसरी जरा बरी. अर्धा तास हे चाललं. मी दारात उभा, पोटात माझं अख्खं भाषण तसंच.

मग वळता वळता, अगदी सहज, सिस्टर म्हणाल्या, "अव्वा, डाव्या अंगठ्याला लई रग लागतीय ओ. तुमचा हात दिवसभर कसा चालतो?"

"हात चालला तर घर चालतंय," राजव्वा म्हणाली. आणि तिचा डावा हात आपोआप दंडाकडे गेला. "मागं पायात खिळा घुसला. दवाखान्यात सुई दिला हितं, दंडात. दोन दिवस हात वर झाला न्हाय. विडी वळंना. कारखान्यात माल कमी गेला, मुकादम बोललं. तुमची सुई बी तसंच दुखतंय म्हणं. वरनं ताप. बुधवारी सुई घेतला तर गुरुवार, शुक्रवार कोण वळणार? मास्तर?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"माल कवा देता कारखान्यात?" सिस्टरांनी विचारलं.

"रोज. शनिवारी लवकर सोडतंय. बारा-एकला मोकळं. रविवार बंद. शनिवारी आला असता सिस्टर, तर रविवारी हात दुखू दे की, निजून राहू दे की. कोण इचारतंय?"

एवढंच होतं. विज्ञान नाही, देश नाही, अफवा तर मुळीच नाही. शनिवार. आम्ही बुधवारी सकाळी दहाला टेबल मांडून बसलो होतो, जेव्हा गल्लीतला एकेक हात पानावर होता.

बाहेर आल्यावर सिस्टर थांबल्या. "सर, साहेबांना तुमी सांगा. बुधवारचं शनिवारी करा, दुपारी दोनच्या पुढं. मला त्येंच्यासमोर बोलता येत न्हाय. तुमी कसं छान सांगता."

ह्या "छान सांगता" ने मी गेलो. पुढचं जे सांगतो ते ऐकून तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा.

मी साहेबांकडे गेलो. खुर्चीच्या टोकावर बसलो. आवाज खाली आणला. गंभीर प्रसंगी माझा आवाज फार शोभतो. म्हणालो, "साहेब, काही दिवस मी या गल्लीचा अभ्यास करतोय." अभ्यास! हात, दंड, ताप, कारखाना, रविवार, सगळं असं उलगडलं की मलाच ते माझं वाटायला लागलं. साहेब पेन खाली ठेवून ऐकत होते. "सर, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सुचलं तरी कसं?" त्या क्षणी दोन शब्द म्हणायचे होते, "सिस्टरांना सुचलं." मी म्हणालो, "माणसं वाचायची सवय आहे, साहेब."

म्हणजे माझ्या मनात सिस्टरांबद्दल राग होता असं नाही. पण इतके दिवस सगळ्या टाळ्या तिकडे जात होत्या. एक इकडे वळवली, एवढंच. घरी जाताना मी शीळ वाजवत होतो.

शनिवारी दोनला गल्ली आली. मी टेबलाशी बसून बघत होतो आणि विश्वास बसत नव्हता. पुढे राजव्वा, मागे सुना, जावा, शेजारणी, बोटांना तंबाखूचा वास तसाच. टॉवेलच्या कारखान्यातले दोन-तीन लूमवालेही बायकांच्या मागून लाजत आले. पोरांकडचे मोबाइल, लूमच्या खडखडाटात न ऐकू येणारे ओटीपी, "सर, नंबर थोरल्याचा हाय, थोरला ड्युटीवर हाय." सिस्टर पलीकडून सुई भरता भरता सांगायच्या, "ओ सर, राजव्वाच्या सुनेचा नंबर घाला, एका नंबरावर चौघी होत्यात." सुनेचा नंबरही त्यांना पाठ. आणि आमटी, पिठलं, शेंगाची चटणी असं चालूच होतं.

साडेचारला साहेब आले. पाच बाटल्या संपून सहावी उघडलेली बघून त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "सरांची कल्पना! शनिवारची!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. राजव्वाने नाही वाजवल्या. तिने सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर कापसाचा बोळा करत होत्या.

मग सिस्टर म्हणाल्या, "सहावीतले नऊ झाले. एक उरलाय. कोण हाय का राहिलेलं?"

कुणी नव्हतं. गल्ली संपली होती. अर्धा तास बसायला सांगितलेल्या बायका सतरंजीवर दंड धरून बसल्या होत्या, सगळ्यांना वेळच वेळ, सगळ्यांचे डोळे उघडे. मी रजिस्टरमध्ये फार खोल वाकलो.

"सर," सिस्टर म्हणाल्या, "या."

माझ्या टेबलापासून त्यांचं टेबल सहा पावलं असेल. त्या सहा पावलांत मला माझं "अर्थात!" ऐकू येत होतं, कबुतरासकट. आता ह्या बाईने एक शब्द बोलायचा अवकाश, की मास्तर खोटारडा. बायकांत कुजबूज सुरू झालीच होती. राजव्वा म्हणाली, "मास्तर तर मागंच घेतला म्हणत होता की."

"घेतलाय की," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "सरांचा हा दुसरा. तुमच्यासाठी थांबलेत, बाटली वाया जाऊ नये म्हणून."

आणि बायकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. ह्या वेळी राजव्वानेसुद्धा.

मी खुर्चीत बसलो. बाही वर केली. सुईकडे पाठ करता येईल तेवढी केली. पण मी मनाशी ठरवलं होतं: जेवणाचा प्रश्न येणार, मी काही त्याला फसणार नाही, मला युक्ती माहीत आहे. सिस्टर वाकल्या, मास्कच्या वर फक्त डोळे, आणि मला एकट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, "शनिवारची आयडिया लई भारी होती सर. कशी सुचली ओ?"

माझं तोंड उघडलं. त्यातून काहीही बाहेर पडलं नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"झालं बगा," सिस्टर म्हणाल्या. "उठा. चौऱ्याऐंशी दिवसांनी 'तिसरा' घ्यायला मागल्या दारानं या." आणि रजिस्टर ओढून माझ्या नावापुढे त्यांनी नीट अक्षरात लिहिलं: पहिला.

माझ्यावर त्या चिडल्या असत्या तर किती सोपं झालं असतं! त्या सोमवारी नेहमीसारख्याच "ओ सर" म्हणत आल्या. बोलता न येणाऱ्या बाईने एका प्रश्नात मला सोलून ठेवलं, एका वाक्यात झाकलं, आणि मला कशाचा जास्त हेवा वाटावा हेच कळेना: सोलण्याचा की झाकण्याचा. ते चौऱ्याऐंशी दिवस मी फार वाईट झोपलो.

पुढे मोहिमेत चांगलं काम केलेल्यांचा सत्कार ठरला. नव्या पेठेतून शाली आणल्या, हॉल घेतला, सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे, आणि सत्कारमूर्तींतही मी, "शनिवारच्या कल्पनेसाठी". मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. चोरी माइकवरची नसली तरी कबुली माइकवरच शोभेल. शाल खांद्यावर पडली. मी थांबलो. तो विराम, मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला विराम होता. मग म्हणालो, "ही कल्पना माझी नव्हती. ती शिवलीला सिस्टरांची होती. मी ती माझी म्हणून सांगितली."

आणि मग असा टाळ्यांचा कडकडाट! साहेब उठून माइकपाशी आले. "बघा, हा सरांचा मोठेपणा! श्रेय स्वतःकडे ठेवायचा माणूसच नाही हा!"

मी "नाही, नाही, खरंच," म्हणत राहिलो. जितकं म्हणालो तितक्या टाळ्या वाढल्या. सिस्टरांना स्टेजवर बोलवावं म्हणून पुकारलं, दोनदा, खणखणीत. त्यांची खुर्ची रिकामी होती. मग लक्षात आलं: आज शनिवार. गल्लीचे चौऱ्याऐंशी दिवस आज भरले होते. दुपारी दोनच्या पुढे.

मी शालीसकट रिक्षा केली. समाजमंदिरात पोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं. माझ्या टेबलाशी राजव्वाची नात बसून शेवटची नावं मोबाइलवर चढवत होती, आणि माझ्यापेक्षा भराभर. सतरंजीवर बायका दंड चोळत गप्पा मारत होत्या, उद्या रविवार असल्याच्या सुखात. सिस्टर डबा खांद्याला लावून राजव्वाबरोबर बाहेर पडत होत्या. गल्लीच्या टोकाला एक म्हातारा जागेवरून उठत नव्हता, त्याला घरी जाऊन द्यायची राहिली होती. त्या महिनाअखेरीस त्या निवृत्त होऊन गावाकडे गेल्या. नंतर मला दिसल्या नाहीत. दिसल्या त्या ह्या शेवटच्या.

मी धापा टाकत पुढे झालो. शाल दोन्ही हातांवर धरली. "सिस्टर, मी सगळ्यांसमोर सांगितलं. शनिवारची कल्पना तुमची होती म्हणून. माइकवर."

सिस्टर थांबल्या. खरंच नवल वाटल्यासारख्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"माझी कुटली ओ सर?" त्या म्हणाल्या. "राजव्वाची."

"काय म्हणतंय मास्तर?" राजव्वाने विचारलं.

"काय न्हाय. चल अव्वा, म्हातारा वाट बघत असंल."

दोघी बोळात शिरल्या. राजव्वा एका हाताने दंड चोळत होती, दुसऱ्या हाताने सिस्टरांना उघड्या गटारावरून पलीकडे नेत होती, आणि दोघी कशावरून तरी तेलुगूत हसत होत्या. मी शाल घेऊन उभा राहिलो. आणि आता आधी हेवा कुणाचा करावा, एकीचा की दुसरीचा, हे मला त्या वळून दिसेनाशा होईपर्यंत ठरवता आलं नाही.